तेरा गुणांची वही आणि परिपूर्ण माणसाचा घोळ

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मॅडम, मी २४ वर्षांची. गणितात एम.एस्सी. झालं, आता बी.एड. करते. सोलापुरात पूर्व भागात राहते. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनच्या तेरा सद्गुणांच्या तक्त्याबद्दल एका व्हिडिओत ऐकलं आणि तेव्हापासून तशी वही ठेवते. रोज रात्री त्या त्या गुणासमोर चुकांचे ठिपके मांडते. ठिपके काही कमी होत नाहीत. वहीत खाडाखोड झाली की पान फाडून पुन्हा लिहिते. हल्ली वाटतं, परिपूर्ण म्हणजे ज्यात सुधारायला काही उरलं नाही ते, आणि माणूस म्हणजे जो शिकत राहतो तो. मग 'परिपूर्ण माणूस' या कल्पनेतच विसंगती नाही का? आणि असेल तर हा खटाटोप कशासाठी? माझी आई विड्या वळते. कारखान्यात छाट, म्हणजे नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या, निघाली तरी तिला झोप लागते. मला एका ठिपक्याने लागत नाही."

तुमचा तर्क बरोबर आहे. त्यातून "मग खटाटोप कशाला" असं जे तुम्ही काढू बघताय, ते बरोबर नाही. आणि वहीचं काय करायचं हा प्रश्न तर्काने सुटणाराच नाही. तिन्हींबद्दल लिहिते. सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत समुपदेशनाला येणाऱ्यांत आळशी माणसं फार थोडी असतात, काटेकोर माणसंच जास्त. त्यामुळे हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे.

ठरलेल्या कामापुरतं परिपूर्णतेबद्दल बोलायला अडचण येत नाही. ॲरिस्टॉटलने परिपूर्ण वैद्य, परिपूर्ण बासरीवादक आणि त्याच दमात परिपूर्ण चोर अशी उदाहरणं दिली आहेत. ज्याचं काम ठरलंय त्याची मोजपट्टीही ठरलेली. पण माणूस म्हणून तुमचं एकच एक काम कुठलं? तुम्ही कुणाची मुलगी आहात, कुणाची मैत्रीण, आज विद्यार्थिनी, उद्या शिक्षिका. प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी, आणि सगळ्या हक्क सांगतात त्याच चोवीस तासांवर.

यावर लोक म्हणतात, पूर्णत्व फार लांब आहे, माणूस तिथवर पोचत नाही इतकंच. मला हे मान्य नाही. नुसतं लांब असतं तर रोज थोडं थोडं चालून अंतर तरी कमी झालं असतं. अडचण वेगळी आहे आणि ती तुमच्याच भाषेत सांगता येते: चलं (अज्ञात संख्या) थोडी, समीकरणं जास्त, आणि ती एकमेकांशी विसंगत. उकल लांब नाही, उकल नाहीच. अशा वेळी गणितात आपण हात वर करत नाही. लीस्ट स्क्वेअर्स लावतो, म्हणजे चूक राहणार हे धरून चालतो आणि ती सगळ्यांत मिळून कमीत कमी कशी राहील ते बघतो. एखादं समीकरण शून्य चुकीने सोडवायचा हट्ट धरला तर बाकीच्यांची चूक वाढते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

माणसांत हे कसं दिसतं ते महाभारताच्या कर्णपर्वात आहे. नरो वा कुंजरो वा सगळ्यांना पाठ असतं, हा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी जखमी होऊन युधिष्ठिर छावणीत परतला आहे. अर्जुन त्याला बघायला येतो. युधिष्ठिराला वाटतं हा कर्णाला मारूनच आला. कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर तो संतापतो, नाही नाही ते बोलतो आणि म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आता अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा अशी, की गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करायचा. तो तलवार उपसतो, समोर सख्खा थोरला भाऊ.

कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा एक तपस्वी होता, नेहमी खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. दरोडेखोरांना भिऊन काही माणसं रानात लपली. दरोडेखोरांनी येऊन विचारलं, कौशिकाने खरं ते सांगितलं, माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला. व्रतात एक ठिपका नव्हता त्याच्या.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो कृष्णाने काढलेला तोडगा. प्रतिज्ञा सोडून दे असं तो म्हणत नाही, आणि पाळ असंही म्हणत नाही. मोठ्या माणसाला अरे-तुरे करणं हाच त्याचा वध, तेव्हा तेवढं कर, असं तो सुचवतो. अर्जुन दादाला अरे-तुरे करून वाटेल ते बोलतो. बोलून झाल्यावर इतका खजील होतो, की स्वतःलाच मारायला पुन्हा तलवार काढतो. मग कृष्ण म्हणतो, आपल्या तोंडाने आपली स्तुती करणं म्हणजे आत्महत्याच, तेव्हा ती कर. अर्जुन बढाया मारतो, तलवार म्यान करतो आणि भावाच्या पायाशी जाऊन क्षमा मागतो. हिशेब मांडा: प्रतिज्ञा अर्धवट पाळली, थोरल्याचा अपमान झाला, वर आत्मस्तुती. तीन ठिपके, आणि दोन जीव वाचले. कौशिकाचं पान कोरं, आणि मुडदे किती पडले कोण जाणे.

दुसरी विसंगती याहून बारीक आहे. आपण ज्यांना गुण म्हणतो त्यातले कितीतरी उणिवेवरच उभे असतात. ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्या धैर्याला अर्थ नाही. जो कधी दुखावलाच जात नाही तो क्षमा कसली करणार? चिडच येत नसेल तर संयमाची गरज नाही. आणि आपण पूर्ण नम्र झालो असं ज्याला वाटलं त्याची नम्रता तिथेच संपली. सगळ्या उणिवा पुसल्या तर हे गुणही जातात. यावर जास्त लिहीत नाही, तुमच्या लक्षात आलं असेल.

आता आपल्या गावाकडे. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांना आपण पूर्णपुरुष मानतो. बाराव्या शतकात त्यांनी इथे तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, त्या कुंभारकन्येच्या लग्नाच्या. तिला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, ते विरक्त, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं अशी कथा. आपण लहानपणापासून अक्षता टाकत आलो, म्हणून त्यातला पेच दिसत नाही. विरक्ती पूर्ण पाळायची तर त्या मुलीचं मन मोडतं, तिचं मन राखायचं तर विरक्ती मोडते. लोकांनी शेकडो वर्षं दरवर्षी ते लग्न लावून हा पेच जपून ठेवलाय, सोडवलेला नाही. मला तर ही गड्ड्याच्या जत्रेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

त्याच सिद्धरामांकडे संत अल्लमप्रभू आले ती कथाही वीरशैव परंपरेत आहे. तलाव, देवळं, लोकोपयोगी कामं यांत बुडालेल्या माणसाला अल्लमांनी टोचून विचारलं, की बाहेरचं एवढं चाललंय, आतलं काय? सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (आताच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला) गेले. सांगणारे साधारणपणे इथे थांबतात आणि अल्लम जिंकले असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण सोलापूरच्या मध्यभागी तलाव अजून आहे. लोकांसाठी खोदत राहणारा माणूस आणि सगळ्यातून सुटलेला माणूस, हे पूर्णत्वाचे दोन्ही नमुने आपल्या परंपरेने मान्य केलेत, आणि एका माणसात ते एका वेळी बसत नाहीत हेही तिने लपवलेलं नाही.

कथा-पुराण नको असेल तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. जन्म सोलापूरचा, १९१० चा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडे मिळाली. ते परतले नाहीत. पथकातले बाकीचे यथावकाश मायदेशी आले, कोटणीस थांबले, कॅनडाचे सर्जन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय बत्तीस. जखमी सैनिकांच्या बाजूने बघितलं तर या माणसात काय कमी होतं? त्यांच्या आईच्या किंवा त्या तान्ह्या पोराच्या बाजूने बघा. मी त्यांना दोष देत नाहीये. दोष द्यायला ते चुकले कुठे आहेत? एका बाजूचं कर्तव्य इतकं पुरेपूर केलं की दुसऱ्या बाजूला बाकी राहिली, आणि ती राहणारच होती.

तर मग धडपड म्हणजे काय? मी असं समजते: कोणत्या वेळी कुठलं समीकरण चुकू द्यायचं हे डोळे उघडे ठेवून ठरवायचं, आणि ज्याच्या वाट्याला ती चूक गेली त्याचं देणं आपल्याकडे लागतं हे विसरायचं नाही. अर्जुन पायाशी गेला ते यासाठी. तुमच्या वहीला हे दिसत नाही. ती फक्त ठिपके मोजते. कुणासाठी कुणाला दुखावलं, आणि नंतर त्या माणसाकडे गेलात का, यासाठी तिच्यात रकानाच नाही.

खुद्द फ्रँकलिनची वही काय झाली हे त्या व्हिडिओत सांगितलं होतं का? आठवड्याला एक गुण, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या असा त्याचा बेत होता. नव्या फेरीला जागा करायची म्हणून जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली. मग त्याने तक्ते हस्तिदंती पानांच्या टिपणवहीत उतरवले. त्यावर पेन्सिलीने खूण करायची आणि ओल्या स्पंजने पुसायची. व्यवस्थितपणा हा गुण त्याला कधीच साधला नाही, तसं त्याने एकोणऐंशीव्या वर्षी लिहून ठेवलंय. आपण पूर्णत्वाला पोचलो नाही, पण या प्रयत्नामुळे न करता झालो असतो त्यापेक्षा बरे आणि सुखी झालो, असंही तिथेच आहे.

त्याच्या यादीत आधी बाराच गुण होते. तेरावा, नम्रता, नंतर आला, कारण क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने तोंडावर सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात. त्याला स्वतःला ते दिसलेलं नव्हतं. त्याच यादीत 'न्याय' हाही गुण होता, आणि घरात गुलाम होते. वर्षानुवर्षं होते. आयुष्याच्या शेवटी, १७८७ मध्ये, तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. पण मधल्या काळात न्यायाच्या रकान्यात या गोष्टीचा ठिपका पडला असेल असं वाटत नाही. ज्या चुकीचा रकाना आपण आखलाय तीच आपल्याला सापडते. उरलेल्या दुसऱ्यांनी दाखवाव्या लागतात, आणि त्यासाठी दुसऱ्यांशी बोलावं लागतं. रात्री एकटीने दार लावून वही भरणारीचं नेमकं हेच राहून जातं.

आता माझ्या विषयातलं. ह्यूइट आणि फ्लेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि "लोकांची माझ्याकडून पूर्णत्वाची अपेक्षा आहे" ही समजूत. तिसरा सगळ्यात जाचक. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून जास्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ मधल्या उत्तरांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात हा तिसरा प्रकार ३३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे तसेच्या तसे लावू नयेत. पण तुमच्या मूळ, लांब पत्रात "मला वाटतं" पेक्षा "लोक काय म्हणतील" जास्त वेळा आलंय, हे मी वाचताना टिपलं.

अपेक्षांचा बार उंच ठेवण्याने माणूस आजारी पडत नाही. इतक्या वर्षांत मला फरक दिसलाय तो चूक झाल्यानंतरच्या तासाभरात. एक जण चुकीकडे बघतो, दुरुस्त करतो किंवा सोडून देतो. दुसरा चुकीवरून स्वतःचा निकाल लावतो. पान फाडणं हा निकालच आहे, दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती करायची तर चुकलेली ओळ समोर लागते.

तुमच्या आईबद्दल. त्यांच्या झोपेचं फार कौतुक करू नका. दिवसभर पानं भिजवून, कापून, मान खाली घालून विड्या वळल्यावर कुणालाही झोप लागेल. छाट निघाली की त्यांचे पैसे जातात आणि त्याचा त्यांना रागही येत असणार. एकदा विचारा. चांगली विडी छाटीत टाकली म्हणून त्या कारखान्यातल्या तपासणाऱ्याशी भांडल्याही असतील. पण तिथे विडी बाजूला काढतात, वळणारीला नाही. उद्याची पानं त्यांना मिळतात. तुम्ही रात्री वही उघडता तेव्हा विडीही तुम्हीच, तपासणारीही तुम्हीच, आणि छाट निघाली की उद्याची पानं बंद करणारीही तुम्हीच. एवढी कडक तपासणी कुठल्या कारखान्याला परवडणार नाही.

करायचं काय? वही फाडू नका, फाडण्याची सवय आधीच पुरेशी झालीय. ठिपके मात्र महिनाभर बंद. त्याऐवजी रात्री दोन ओळी: आज कशासाठी काय सोडलं, आणि त्याचं कुणाला काही द्यायचंय का. "पाठाची तयारी करायची म्हणून मैत्रिणीचा फोन घेतला नाही. उद्या दुपारी मी करायचा." इतकंच. द्यायचं काही नसेल तर तसं लिहा आणि वही मिटा.

दुसरं, पानं फाडायची नाहीत. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी दुरुस्ती, पुढे लिखाण. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पहिल्या दिवशी हात थरथरेल. करायच्या आधी लिहून ठेवा की काय होईल असं वाटतंय, उदाहरणार्थ "पाठ टाचणात खाडाखोड दिसली तर मार्गदर्शक सगळ्यांसमोर बोलतील". आठवड्याने खरोखर काय झालं ते शेजारी लिहा. भीतीशी वाद घालत बसण्यापेक्षा तिला असं तपासून बघणं जास्त उपयोगी पडतं. क्वचित मार्गदर्शक खरंच बोलतात, तर तेही लिहायचं. त्यानंतर काय झालं तेही लिहायचं, कारण बहुतेकदा नंतर काही होत नाही.

तिसरं, एका माणसाला विचारा. "माझं कुठलं वागणं तुला त्रासदायक होतं?" आईला विचारा, घरात ज्या भाषेत बोलता त्या भाषेत. उत्तर तुमच्या तेरा रकान्यांत बसणार नाही अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, फाडणं-लिहिणं थांबवावंसं वाटूनही थांबत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर हा तत्त्वज्ञानाचा विषय राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर उपचार आहेत, औषधांचेही आणि बोलण्याचेही. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

शेवटी तुम्ही विचारलं नाही, पण तुम्ही गणिताच्या शिक्षिका होणार आहात म्हणून. गणितात पायऱ्यांना गुण असतात, ही आपल्या परीक्षापद्धतीतली एक चांगली गोष्ट. उत्तर चुकलं तरी तिसऱ्या पायरीपर्यंतचं मुलाच्या पदरात पडतं, पण ती पायरी कागदावर दिसली तरच. म्हणून वर्गात स्वच्छ वहीला जादा गुण देऊ नका आणि कच्चं काम खोडायला लावू नका. फळ्यावर तुमचं गणित चुकलं तर डस्टर लगेच फिरवू नका, कुठल्या पायरीला चुकलं ते मुलांना शोधू द्या. आणि एखाद्या मुलीच्या वहीच्या मधल्या पिना सैल झालेल्या दिसल्या, पानं कमी वाटली, तर ओरडण्याआधी तिला बाजूला घेऊन विचारा की पानं कुठे गेली.